'धाकटा येरवड्याला होता': रिफॉर्मेटरीत पाठवलेल्या मुलाचा जुन्या कागदांतून माग कसा काढायचा

माझी आजी घरातल्या माणसांची उजळणी करताना एका दमात म्हणायची, "थोरले गावी, मधले गिरणीत, धाकटा येरवड्याला." हा धाकटा म्हणजे तिच्या सासऱ्यांचा सगळ्यात लहान भाऊ. येरवडा म्हटलं की आम्हा पोरांना वेड्यांचं इस्पितळच आठवायचं, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. मी मोठा झाल्यावर विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, "वेडा कुठला, पोर होतं ते. शिकायला ठेवलं होतं सरकारनं." त्या उत्तरापासून माझा शोध सुरू झाला.

येरवड्यात तीन वेगवेगळ्या जागा होत्या: १८७१ पासूनचा तुरुंग, मनोरुग्णालय आणि मुलांची रिफॉर्मेटरी शाळा, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं सुधारगृह. घराघरांत तिघींनाही नुसतं 'येरवडा' म्हणतात. मुंबईकडे 'डोंगरीला टाकलं' किंवा 'माहीमला होता' असं ऐकायला मिळतं. तुमच्या घरात असा एखादा मुलगा होऊन गेला असेल आणि त्याच्याबद्दल एवढं एकच वाक्य उरलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. इथे मी जुन्या मुंबई इलाख्यापुरतंच बोलतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती कळायला मला बरेच महिने लागले. नावावरून शोधू नका. मुलाला शाळेत पाठवण्याचा हुकूम कोणी, कुठे आणि कधी काढला त्यावरून शोधा. नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, पण हुकमाची वाट ठरलेली असते.

आधी घरातलं वाक्य उलगडा

दप्तरखान्यात जायच्या आधी घरातली सगळ्यात म्हातारी माणसं गाठा. साल विचारलंत तर कोणाला सांगता येणार नाही. त्याऐवजी प्लेगच्या आधी की नंतर, ते विचारा. मुंबईत प्लेग १८९६ ला आला, पुण्यात १८९७ ला. मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत तो घरी होता का? ती साथ १९१८ ची. मोठ्या दुष्काळांची सालंही हाताशी असू द्या: १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. दुष्काळाच्या सालात धान्याची किंवा भांड्यांची चोरी, रस्त्यावर भटकणं अशा कारणांवरून मुलं धरली गेल्याचं घराघरांतून सांगतात. त्यामुळे हे प्रश्न निव्वळ साल काढण्यापुरते नाहीत, त्यातून कारणही हाती लागू शकतं.

मग विचारा, त्याला न्यायला पोलीस आले होते की आईबापच सोडून आले? तो परत आला तेव्हा त्याला कोणतं काम येत होतं? सुतारकाम, शिवणकाम किंवा बागकाम अंगात घेऊन परतलेला मुलगा बहुधा शाळेतून आलेला असतो, तुरुंगातून नव्हे. कागदावर जे सापडणार नाही ते इथेच सापडतं. वहीत टिपताना त्यांचेच शब्द जसेच्या तसे टिपा, आपल्या शब्दांत उतरवू नका. आजीचं 'शिकायला ठेवलं होतं' हे वाक्य मी सुरुवातीला 'शिक्षा झाली होती' असं लिहून ठेवलं होतं, आणि त्या एका चुकीपायी कितीतरी दिवस तुरुंगाचे कागद चाळत बसलो.

साल कळलं की कायदा कळतो, कायदा कळला की कागद कळतो

हा टप्पा रुक्ष वाटेल, पण सगळं काम यावरच उभं आहे.

१८५० चा उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा सगळ्यात जुना. गरीब, अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारानं बांधून द्यायची सोय त्यात होती. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकारानं उद्योगशाळा सुरू झाली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तिला डेव्हिड ससून इंडस्ट्रिअल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन हे रूप आलं. पुढे माहीमला असलेली डेव्हिड ससून शाळा ती हीच. म्हणून 'माहीमला होता' असं कोणी म्हटलं, तर ससून शाळेचं नाव आधी डोळ्यांसमोर आणा.

पुढे १८७६ चा रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा आला, आणि त्याच्या जागी १८९७ चा आठवा कायदा. बहुतेक घरांतल्या आठवणी या दुसऱ्या कायद्याच्या काळातल्या असतात, म्हणून त्याच्याकडे जरा बारकाईनं पाहू. तो फक्त मुलग्यांना लागू होता. शिक्षेच्या वेळी मुलगा पंधरा वर्षांखालचा असेल, तर कैदेऐवजी त्याला तीन ते सात वर्षं रिफॉर्मेटरीत ठेवायचा हुकूम कोर्टाला देता येई. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला तिथे ठेवता येत नसे. म्हणजे सुटकेचं साल सापडलं तर जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. सात वर्षं राहून सुटलेला मुलगा आत गेला तेव्हा फार तर अकरा वर्षांचा असणार.

आणखी एक कलम आपल्या फार कामाचं आहे. शाळेत पाठवण्याआधी कोर्टानं मुलाच्या वयाची चौकशी करायची आणि वयाबद्दलचा निष्कर्ष लेखी नोंदवायचा, असं कायद्यातच होतं. जन्माची नोंद नसलेल्या घरातल्या मुलाचं वय सरकारी कागदावर पहिल्यांदा चढतं ते बहुतेक इथे. तो आकडा नेमका असेल असं नाही, चेहरामोहरा आणि अंगकाठी पाहून ठरवलेलाही असू शकतो. तरी एका ठरावीक दिवशी कोणीतरी त्या मुलाकडे नीट पाहून वय लिहिलं आहे, आणि एवढा धागा आपल्याला पुरतो.

१९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्यानं चित्र पालटलं. मुंबई शहरात तो १९२७ पासून अमलात आला, चिल्ड्रन्स एड सोसायटीही त्याच साली निघाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत रिमांड होम उभं राहिलं. 'डोंगरी' म्हणतात ते हेच. या कायद्याखाली गुन्हा न केलेली मुलंसुद्धा आत येत होती: निराधार, भटकणारी, सांभाळायला कोणी नसलेली. तेव्हा १९२७ नंतरच्या मुंबईतल्या मुलाच्या बाबतीत 'त्यानं काय केलं होतं?' हा प्रश्नच कदाचित गैरलागू असेल.

एक वेगळी वाटही आहे. तुमचं घराणं तेव्हाच्या सरकारनं 'गुन्हेगार जमात' म्हणून नोंदलेल्या समाजातलं असेल, तर मुलाचे कागद रिफॉर्मेटरीच्या फायलीत नसतीलही. गुन्हेगार जमातींच्या वेगळ्या कायद्यात १८९७ ला झालेल्या दुरुस्तीनं अशा समाजातल्या लहान मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची तरतूद केली होती. पुढे सोलापूर आणि विजापूर भागात मोठ्या वसाहती झाल्या. तिथल्या नोंदी क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट ऑफिसरच्या कामकाजात शोधाव्या लागतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून उठला. या मुलांना कोणत्याही कोर्टानं दोषी ठरवलं नव्हतं, जन्म एवढाच त्यांचा अपराध. शोधताना हा फरक कृपा करून विसरू नका.

हुकूम कुठून कुठे गेला

१८९७ च्या कायद्याखाली रिफॉर्मेटरीचा हुकूम कोणताही मॅजिस्ट्रेट काढू शकत नसे. हायकोर्ट, सेशन्स कोर्ट, जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि खास अधिकार दिलेले मॅजिस्ट्रेट यांनाच तो अधिकार होता. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालला आणि मुलाला शाळेत पाठवावं असं त्याला वाटलं, तर त्यानं कागद जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे. जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टरच. तेव्हा गाव वाळवा तालुक्यातलं असलं (हा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता), तरी हुकूम साताऱ्याहून निघालेला असणार. मुलगा आधी तुरुंगात जाऊन तिथून शाळेत बदलला गेला असेल, तर तुरुंगाच्या नोंदीतही तो दिसू शकतो. मुंबई शहरात हे काम प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटकडे होतं, आणि एस्प्लनेड, गिरगाव, माझगाव ही पोलीस कोर्टं नेहमी डोळ्यांसमोर येतील.

आता कटू गोष्ट. खालच्या कोर्टांतले फौजदारी खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम होता. त्यामुळे मूळ खटल्याची फाइल मिळेल ही आशा फार धरू नका. मग मुलाचं नाव सापडणार कुठे? तर जिथे त्याच्याबद्दल वर सरकारकडे पत्र गेलं तिथे. मुलाला मुदतीआधी सोडायचा किंवा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलवायचा अधिकार सरकारकडे होता. म्हणूनच आईबापांचे अर्ज गव्हर्नरच्या नावानं जात. कोणाची आई विधवा, शेत पडीक, घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून पोराला सोडा. असा अर्ज, त्याचं इंग्रजी भाषांतर, कलेक्टरचा अभिप्राय, शाळेच्या सुपरिंटेंडेंटचं मत आणि शेवटी सरकारचा दोन ओळींचा ठराव, असा गठ्ठा एकत्र बांधलेला मिळू शकतो. माझं प्रामाणिक मत असं की नवख्या माणसानं सगळा जोर या अर्जांवर लावावा. त्यात मूल कोणाचं तरी मूल म्हणून दिसतं.

नावांचा घोळ

जुन्या फौजदारी कागदांत आडनाव क्वचितच सापडतं. 'रामा बिन खंडू', 'गणू वलद बापू' अशी नावं असतात, म्हणजे मुलाचं नाव, बापाचं नाव आणि पुढे जात. आज आपण जे आडनाव लावतो ते तिथे नसेलच असं धरून चाला. आजोबा-पणजोबांची पाळण्यातली नावं, हाक मारायची नावं, टोपणनावं, सगळी लिहून काढा. ज्ञानेश्वरचा ग्यानू, विठ्ठलचा इठू, कृष्णाचा किसन होतो, आणि इंग्रजी कारकुनाच्या हातून त्या किसनाचंही आणखी काहीतरी होतं.

गावांचीही तीच गत. येरवडा कधी 'येरवडा', कधी 'येरोडा' वाटेल अशा स्पेलिंगनं, कधी दोन आर घालून लिहिलेलं असतं. सातारचं जुन्या कागदांत 'सट्टारा' होतं, पुणे अर्थात 'पूना'. जुन्या छापील सूचीत शोधताना शब्द मनात इंग्रजी साहेबाच्या तोंडून ऐकून पाहा, मग स्पेलिंग सुचतात. संगणकावर शोधत असाल तर एकाच शब्दाची पाच-सहा स्पेलिंगं आळीपाळीनं टाका.

दप्तरखान्यात

मुख्य ठिकाण मुंबईचं महाराष्ट्र पुराभिलेख, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पहिल्यांदा जाताना ओळखपत्र, फोटो आणि जमल्यास एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं शिफारसपत्र बरोबर ठेवा. निघण्याआधी फोन करून वेळ आणि नियम विचारून घ्या. कॅमेरा चालतो का, नकलांचं शुल्क किती, हे तिथे विचारूनच ठरवा.

इथली मांडणी खात्यावार आणि सालवार आहे: खातं, वर्ष, खंड क्रमांक, कंपायलेशन (एका विषयाच्या कागदांचा संच) क्रमांक. हे चारही आकडे प्रत्येक टिपणावर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एकदा मी एका कागदावरचा मजकूर मोठ्या आनंदानं उतरवून घेतला आणि खंड क्रमांक टिपायला विसरलो. तो कागद परत मिळवायला पुढचे दोन दिवस गेले.

कोणतं खातं मागायचं? आधीच्या काळासाठी ज्युडिशियल डिपार्टमेंट, कारण तुरुंग आणि फौजदारी कामकाज तिथे. १८९९ च्या सुमारास या शाळा तुरुंगाच्या व्यवस्थेतून काढून शिक्षण खात्याकडे द्यायचं धोरण ठरलं, म्हणून त्यानंतरच्या सालांसाठी एज्युकेशन डिपार्टमेंट आधी पाहा. मुलगा १८९८ मध्ये आत गेला आणि १९०३ मध्ये सुटला, तर दोन्ही खाती चाळायला हवीत. सूचीत 'रिफॉर्मेटरी', 'जुव्हेनाइल', 'येरवडा', 'ससून' आणि 'पिटिशन' या सगळ्या मथळ्यांखाली बघा. एकाच मथळ्यावर थांबलात तर निम्मं निसटतं.

पुढे स्लिप भरायची, बस्ता यायची वाट बघायची. कागद ठिसूळ असतात, कडा बोट लावताच भुरभुरतात. पान उलटताना खालून हात द्या, ओलं बोट लावू नका. इंग्रजी कागदांच्या मध्येच अचानक एखादं मोडीतलं पान येतं आणि नवखा माणूस ते सोडून पुढे जातो. तसं करू नका, कारण बहुतेक वेळा बापाचा मूळ अर्ज तोच असतो. भाषांतरात 'पिटिशनर इज व्हेरी पुअर' एवढ्यावर भागवलेलं असतं, आणि मोडीत घरात किती तोंडं, बैल कधी मेला, सगळं असतं. खाली सहीच्या जागी अंगठा किंवा नांगराची निशाणी. मोडी येत नसेल तर पुरतं पान टिपून घ्या आणि जाणकाराकडे न्या. खरं तर मोडी शिकायला दोन-तीन महिने दिलेत तर पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

पुण्याचं पुराभिलेखागार प्रामुख्यानं पेशवे दप्तरासाठी ओळखलं जातं, पण मुलगा पुणे किंवा आसपासच्या जिल्ह्यांतला असेल तर तिथेही चौकशी करा. परदेशात असलेल्या मराठी मंडळींना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद पाहता येतात. मुंबई सरकारचं छापील कामकाज आणि खात्यांचे वार्षिक अहवाल तिथे आहेत.

छापील साहित्य

वार्षिक अहवालांत मुलाचं नाव सहसा मिळत नाही. मिळतो तो आसपासचा संदर्भ: त्या वर्षी किती मुलं होती, कोणकोणते धंदे शिकवले, आजारपणं कोणती. तुरुंग खात्याचे आणि शिक्षण संचालकांचे अहवाल यासाठी बघायचे. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटी ही जुन्या सरकारी अहवालांसाठी चांगली ठिकाणं. घरबसल्या करायचं असेल तर एशियाटिकचं ग्रंथसंजीवनी, राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल आणि इंटरनेट आर्काइव्ह ही तीन ठिकाणं आधी धुंडाळा.

वर्तमानपत्रांत इंग्रजी पत्रांचे पोलीस कोर्टाचे रकाने महत्त्वाचे. मराठीत पुण्यासाठी १८४९ पासूनचं ज्ञानप्रकाश आणि १८८१ पासूनचा केसरी. हुकमाची तारीख हाती असेल तर अलीकडचे-पलीकडचे पंधरा दिवस वाचा. तारीख नसताना वर्तमानपत्र वाचायला बसणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं, ते शेवटी करा. रिफॉर्मेटरीच्या हुकमांवरून काही प्रकरणं हायकोर्टापर्यंत गेली आहेत, तेव्हा १८७६ पासूनच्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या सूचीवर नजर टाकायला अर्धा तास पुरे.

विलायतेतल्या वंशावळीच्या पुस्तकांत 'आधी जनगणना पाहा' असा सल्ला असतो. आपल्याकडे जनगणनेचे घरोघरचे कागद जपलेले नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.

अलीकडच्या मुलांबद्दल

स्वातंत्र्यानंतरच्या काळातल्या मुलाचा शोध असेल तर हात आखडता घ्या. बाल न्याय कायद्यानं मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे आणि दोषसिद्धीच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करायची तरतूदही आहे. संस्थेत जाऊन रजिस्टर दाखवा म्हणून हट्ट धरू नका. ते म्हातारे गृहस्थ हयात असतील तर आधी त्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर शोध तिथेच थांबवा. जुन्या काळातल्या मुलाबद्दल लिहितानासुद्धा सोबतच्या इतर मुलांची नावं गाळा. त्यांच्या घरी अजून कोणाला काही माहीत नसेल.

शेवटी गावाकडे

मुंबईचे कागद मूल आत कसं गेलं ते सांगतात. ते परतलं का, हे गावच सांगतं.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं, म्हणजे गाव नमुना १४, असतात. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक जिल्ह्यांनी अशी जुनी रजिस्टरं तपासून त्यांच्या स्कॅन प्रती जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकल्या. तुमची जात कोणतीही असो, गावाचं नाव टाकून त्या एकदा उघडून पाहा. जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टरही मागा. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे कधी 'गैरहजर' असतं, कधी 'परगावी', आणि तारीख हुकमाच्या तारखेच्या जवळपास असली तर आपला मुलगा तोच असण्याचा संभव बराच वाढतो.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका कागद फेरफाराचा. १९०३ च्या कायद्यानंतर इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, आणि बाप वारला की जमिनीला वारस कोण लागले याची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, व्हायला लागली. कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज करा, बापाच्या नावचा गट किंवा जुना सर्व्हे नंबर द्या. वारसांत धाकट्याचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर 'बेपत्ता', 'परागंदा', 'मयत' असा शेरा आहे का, ते बघा. हक्कसोड करून भावांच्या नावे जमीन दिली असेल तर त्या तारखेला तो गावात हजर असण्याचा संभव मोठा.

आमच्या घरच्या फेरफारात तीन भावांची नावं आहेत. थोरल्याची आणि मधल्याची निशाणी अंगठ्याची आहे. तिसऱ्या नावापुढे सही आहे, बाळबोध अक्षरांत, जराशी वाकडी, पण पूर्ण नाव.